टीममधल्या सगळ्यांच्या मशीनवर कोड सारखाच चालावा म्हणून तुम्ही काय करता?

घाटमाथा

नमस्कार मंडळी,

आमची छोटी टीम पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करते. सभासद, ठेवी, कर्जं, व्याज, पावत्या, आणि अहवाल सगळे मराठीत. बॅकएंड जावा आणि स्प्रिंग बूट, स्क्रीनचा भाग रिॲक्ट, डेटाबेस पोस्टग्रेस. निम्मे लोक पुण्यात ऑफिसात बसतात, बाकीचे कोल्हापूर-नाशिकला घरून काम करतात, आणि एक सहकारी म्युनिकमध्ये आहे. लॅपटॉप ज्याला जो मिळाला तो. विंडोज आहेत, एम चिपवाले मॅक आहेत, दोघे उबुंटूवर.

अडचण तुम्ही ओळखली असेलच. एकाची ब्रँच (त्याच्या बदलांची वेगळी शाखा) दुसऱ्याकडे बिल्ड होत नाही. टेस्ट एकाकडे हिरव्या, दुसऱ्याकडे लाल, आणि सीआयवर (प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) तिसरंच काही. नवीन कुणी रुजू झालं की विकीवरचं सेटअपचं पान दाखवायचं, तर त्यातल्या अर्ध्या पायऱ्या कालबाह्य. फ्रेशर मुलं-मुली पहिल्या आठवड्यात विचारायलाही बिचकतात; त्यांना वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. हे मला मनापासून बदलायचं आहे.

"सगळं डॉकरमध्ये टाका" असा सल्ला मिळाला आहे (डॉकर म्हणजे ॲप त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह एका बंद डब्यात, कंटेनरमध्ये, चालवणारं साधन). पण काही लॅपटॉप ८ जीबीवाले आहेत. ज्यांनी हे प्रत्यक्ष निस्तरलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करावी?

टर्मिनलवाला

डॉकर हवं की नको हे नंतर ठरवा. आधी फरक नेमका कुठल्या थरात आहे ते शोधा. भाषेची आवृत्ती, लायब्ररी, डेटाबेससारख्या सेवा, आणि सगळ्यात खाली ऑपरेटिंग सिस्टिम. वरचे दोन थर कंटेनरशिवाय सरळ करता येतात, आणि रोजचा बराचसा त्रास तिथलाच असतो.

जावासाठी ग्रेडल या बिल्डच्या साधनाचा रॅपर (ठरलेली आवृत्ती स्वतः आणणारी छोटी स्क्रिप्ट) रेपोतच, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यातच, ठेवा, म्हणजे प्रत्येकाच्या मशीनवरच्या ग्रेडलचा प्रश्न संपतो. त्यातच टूलचेनची सोय आहे. जेडीके (जावाचा विकास संच) १७ हवा असं बिल्ड फाइलमध्ये लिहिलं की ग्रेडल तोच शोधतं, आणि तशी व्यवस्था केली असेल तर उतरवूनही घेतं. स्प्रिंग बूट ३ ला किमान जावा १७ लागतो, पण जुन्या मॉड्यूलमुळे कुणीतरी ८ वर अडकलेलं असतंच. जावा ११ मधून जॅक्सबी (एक्सएमएल वाचणारी-लिहिणारी लायब्ररी) काढून टाकलं गेलं, त्यामुळे ८ वर बिनबोभाट चालणारं एक्सएमएलचं काम वरच्या आवृत्तीवर क्लास सापडत नाही म्हणून कोसळतं. नवख्याला यातून काहीच उमगत नाही.

नोडसाठी (स्क्रीनच्या भागाला लागणारं जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) आवृत्ती रेपोतल्या फाइलमध्ये लिहा आणि एनव्हीएम, एएसडीएफ किंवा मीझ यांपैकी आवृत्त्या सांभाळणारं एक साधन सगळ्यांनी वापरा. आमच्याकडे मीझ आहे, कारण नोड आणि जावा दोन्ही त्यात बसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लॉक फाइल (प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती नोंदणारी) गिटमध्ये हवीच, आणि सीआयवर एनपीएम या नोडच्या लायब्ररी बसवणाऱ्या साधनाचं "एनपीएम इन्स्टॉल" नको, "एनपीएम सीआय" हवं. इन्स्टॉल वेळप्रसंगी लॉक फाइल बदलून टाकतं. "एनपीएम सीआय" हा हुकूम लॉकमध्ये जे आहे तेवढंच बसवतो, आणि पॅकेज फाइलशी ते जुळलं नाही तर थांबतो. ते थांबणं फार मोलाचं आहे. एनपीएमची आवृत्तीही बांधून घ्या. ६ आणि ७ मध्ये लॉक फाइलची रचनाच बदलली, त्यामुळे दोघांकडे वेगळं एनपीएम असेल तर प्रत्येक पीआरमध्ये (बदल मुख्य कोडात घेण्याच्या विनंतीत) हजारो ओळींचा निरर्थक फरक दिसत राहतो आणि खरा बदल त्यात बुडतो.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावातल्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतलं सुरक्षेचं भगदाड बाहेर आलं तेव्हा ज्यांच्याकडे नेमक्या आवृत्त्या लिहिलेल्या होत्या त्यांना "आपल्याकडे ते आहे का" याचं उत्तर पटकन देता आलं. एकसारखेपणाचा हा फायदा सुरुवातीला कुणाच्या लक्षात येत नाही.

बंदरकाठ

टर्मिनलवाल्यांशी सहमत, पण तेवढ्यावर थांबू नका. खालचे थर मोकळे सोडले की कधीतरी तेच चावतात.

पूर्वी याला उपाय म्हणून आख्खं व्हर्च्युअल मशीन द्यायचे. व्हेग्रंट २०१० मध्ये आलं आणि एका फाइलीतून सगळ्यांना तेच लिनक्स मिळू लागलं. कल्पना सुंदर होती, पण मशीन जड. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि तेच काम हलकं झालं. आता डेव्ह कंटेनर नावाची पद्धत आहे. रेपोत एक जेसन फाइल, त्यात इमेज (कंटेनरचा तयार साचा), एडिटरचे एक्स्टेन्शन, लागणारी साधनं, पोर्ट असं सगळं लिहिलेलं. व्हीएस कोडने प्रोजेक्ट उघडला की विचारतो, कंटेनरमध्ये उघडू का? हो म्हटलं की पुढचं सगळं आपोआप. त्याचं स्पेसिफिकेशन खुलं आहे, जेटब्रेन्सच्या एडिटरमध्येही चालतं, आणि कमांड लाइनवरून सीआयवरही तेच वापरता येतं.

नवीन मुलांसाठी हे वरदान आहे. पहिल्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे चालतं ॲप असतं. पहिला आठवडा इन्स्टॉलेशनशी झगडण्यात गेला की माणूस खचतो. तुम्ही त्या बिचकण्याचा उल्लेख केलात, तो मला फार जवळचा वाटला.

कातळशिल्प

बंदरकाठ, पद्धत चांगलीच आहे, पण घाटमाथा यांच्या ८ जीबी लॅपटॉपचा विचार करू या. मॅक आणि विंडोजवर कंटेनर थेट चालत नाहीत. खाली एक लिनक्स व्हर्च्युअल मशीन असतंच, आणि ते मेमरी राखून ठेवतं. त्यात जावा, त्यात नोड, वर ब्राउझर आणि मीटिंग चालू. मशीन गुदमरतं.

दुसरं, फाइली. कोड मॅकवर आणि कंटेनर लिनक्समध्ये असला की प्रत्येक फाइल वाचताना सीमा ओलांडावी लागते. नोड मॉड्यूल्सच्या हजारो छोट्या फाइली असतात, तिथे हे जाणवतं. व्हर्टआयओ-एफएस ही फाइली वाटून घेण्याची वेगवान पद्धत आल्यापासून मॅकवर बरंच सुधारलंय. विंडोजवर मात्र एक नियम पक्का करा: डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) वापरत असाल तर रेपो लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच क्लोन करायचा, सी ड्राइव्हवर नाही. सी ड्राइव्हवरून तेच बिल्ड चांगलंच रखडतं, आणि लोक दोष डॉकरला देतात.

तिसरं, कंटेनर म्हणजे सगळं तंतोतंत सारखं हा समज सोडा. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलची एम१ चिप आली तेव्हापासून टीममध्ये दोन प्रकारचे प्रोसेसर आहेत. एकाच टॅगची (आवृत्तीच्या नावाची) इमेज मॅकवर आर्मची उतरते, सीआयवर इंटेलची. काही जुन्या इमेज आर्मसाठी निघाल्याच नाहीत. मायएसक्यूएल ५.७ ची अधिकृत इमेज हे नेहमीचं उदाहरण. मग ती इम्युलेशनवर (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करून) चालवायची, म्हणजे हळू. पोस्टग्रेसला हा प्रश्न नाही, ते तुमचं नशीब चांगलं.

माझा सल्ला मधला आहे. जावा आणि नोड मशीनवर थेट, टर्मिनलवाले म्हणतात तशा आवृत्त्या बांधून. पोस्टग्रेस आणि बाकीच्या सेवा डॉकर कंपोजमध्ये (अनेक कंटेनर एका फाइलीतून उभे करायची सोय). ज्यांची मशीन दणकट आहेत त्यांनी हवं तर डेव्ह कंटेनर घ्यावा. दोन्ही वाटा एकाच आवृत्ती-फाइलीतून आकडे वाचतात एवढं मात्र बघा, नाहीतर वर्षभरात दोन वेगळी जगं तयार होतील.

डेटाबेसवाली

कातळशिल्प यांच्या मधल्या वाटेला माझं मत. पण "पोस्टग्रेस कंपोजमध्ये" एवढं म्हणून भागत नाही. तुमचे अहवाल मराठीत आहेत म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण इंग्रजी लेखांमध्ये हे सापडत नाही.

सभासदांची यादी आडनावाने लावायची आहे असं धरा. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, आणि मग क्ष, ज्ञ. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ बसलाय ल च्या लगेच पुढे, व च्या आधी. म्हणजे शब्दकोशाप्रमाणे क्रम "कावळे, कासार, काळे" असा हवा, पण नुसत्या युनिकोड आकड्यांनी लावलं तर "काळे, कावळे, कासार" येतं. क्षीरसागर तर क च्या शेवटी, खरे यांच्या आधी जाऊन बसतात.

आता यात मशीनचा संबंध कुठे? पोस्टग्रेस मुळात क्रम लावायला ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीवर विसंबतो. डेबियन या लिनक्सवरच्या इमेजमध्ये जीलिबसी ही लायब्ररी असते. अल्पाइन या लहानशा लिनक्सवरच्या इमेजमध्ये मसल असते, आणि मसल क्रमाच्या बाबतीत भाषेचे नियम पाळतच नाही, नुसते बाइट बघते. विंडोजवर थेट बसवलेला पोस्टग्रेस विंडोजचे नियम घेतो. तीन जणांकडे पोस्टग्रेस १६ च आहे, तरी यादी तीन प्रकारची. मग पानवारीची टेस्ट, "पहिल्या पानावर शेवटचं नाव अमुक", एकाकडे हिरवी आणि दुसऱ्याकडे लाल. आवृत्ती सारखी असूनही असं का होतंय हे शोधताना माणूस हैराण होतो.

उपाय: सगळ्यांना एकच इमेज, टॅगमध्ये डेबियनचं नावही लिहून, आणि क्रमासाठी आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन (क्रमाचे नियम) त्या कॉलमवर स्पष्ट सांगा. पोस्टग्रेस १० पासून आयसीयूचा आधार आहे. त्याचे मराठीचे नियम ळ ला ह नंतर नेतात. आणि मग क्रम डेटाबेसमध्येच लावा. जावात साधं सॉर्ट केलंत की पुन्हा युनिकोडचे आकडे.

आणखी एक. जुन्याच डेटाच्या व्हॉल्यूमवर (कंटेनरचा डेटा साठवायच्या जागेवर) इमेज बदलू नका. जीलिबसी २.२८ मध्ये, २०१८ साली, क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. मजकुरावरचे जुने इंडेक्स (शोधासाठीच्या क्रमवार सूच्या) नव्या लायब्ररीखाली चुकीचे ठरतात. असलेली नोंद सापडत नाही, युनिक असूनही दुबार नोंद घुसते. अल्पाइनवरून डेबियनवर जातानाही तोच धोका. लोकल मशीनवर सरळ व्हॉल्यूम उडवून नव्याने भरावं. सर्व्हरवर रीइंडेक्स.

आणि टेस्टसाठी एचटू हा दुसराच हलका डेटाबेस वापरत असाल तर कृपा करून सोडा. टेस्टकंटेनर्स वापरा, म्हणजे टेस्टलाही खराखुरा पोस्टग्रेस मिळतो, आणि इमेजही तीच.

अनामिक_वाचक

डेटाबेसवाली ताई, हा प्रतिसाद वाचनखुणांत साठवला. आमच्याकडे ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये अगदी हेच चाललंय, लेखकांची यादी कधी अशी, कधी तशी.

मराठीचाच अजून एक प्रकार, फाइलींच्या नावातला ऱ. "पायऱ्या" हा शब्द घ्या. ऱ एक अक्षर म्हणून साठवता येतो, र आणि नुक्ता (खालचा ठिपका) असा दोन तुकड्यांतही, आणि र, हलन्त व शून्य रुंदीचा जोडक अशाही रीतीने तो अर्धा र उमटतो. दिसायला सारखंच. कीबोर्डनुसार वेगळं साठतं. लिनक्सच्या दृष्टीने ही वेगवेगळी नावं आहेत. मॅकची जुनी फाइल सिस्टिम तर स्वतःहून पहिल्याचे दुसऱ्यात तुकडे करून ठेवायची. टेस्टच्या नमुना फाइलींना मराठी नावं देऊ नका, आणि अपलोड झालेल्या नावांवर युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं) करून घ्या. एवढं केलं तरी तो जोडकवाला प्रकार नॉर्मलायझेशनने सुटत नाही, तो वेगळा हाताळावा लागतो.

विदाकण

विंडोजवाल्यांसाठी: जावा १८ पासून मूळ एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) सगळीकडे यूटीएफ-८ झालं. तुम्ही १७ वर असाल तर विंडोजवर ते सिस्टिमच्या कोडपेजवर अवलंबून राहतं. मग फाइल वाचताना एन्कोडिंग सांगितलं नाही की मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा कचरा. ग्रेडलच्या कंपाइलरला आणि टेस्टच्या जेव्हीएमला (जावा कोड चालवणाऱ्या प्रोग्रामला), दोन्हीला यूटीएफ-८ सांगा. एकालाच सांगून बरेच जण थांबतात.

ओळींच्या शेवटांचंही बघा. विंडोजवर गिट शेल स्क्रिप्टमध्ये सीआर हे ओळीच्या शेवटचं जास्तीचं चिन्ह घुसवू शकतं, आणि मग कंटेनरमध्ये "बॅड इंटरप्रिटर" असा संदेश येतो, ज्याचा अर्थ कुणालाच कळत नाही. गिटॲट्रिब्यूट्स फाइल रेपोत ठेवा, शेल स्क्रिप्टला एलएफ (लिनक्सचा ओळीचा शेवट) सक्तीचं करा. प्रत्येकाच्या वैयक्तिक सेटिंगवर सोडू नका.

आणि मॅक-विंडोजवर फाइलनावातलं लहान-मोठं अक्षर सहसा चालून जातं, लिनक्सवर नाही. इम्पोर्टमध्ये एक अक्षर चुकलं की मॅकवर सगळं ठीक, सीआयवर फाइल सापडत नाही.

पहाटपाळी

वेळेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी रात्री उशिरा काम करणारा माणूस, मला हे पहिल्यांदा दिसतं.

सीआयची मशीन बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात, आपण साडेपाच तास पुढे. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात भारतात एक तारीख असते आणि यूटीसीत आदली. "आजची तारीख" लॅपटॉपवरून घेणारी आणि डेटाबेसमधल्या यूटीसी तारखेशी ताडून बघणारी टेस्ट दिवसा कायम पास होते, रात्री पडते, आणि सीआयवर कधीच पडत नाही. तुमच्या म्युनिकच्या सहकाऱ्याकडे ती वेगळ्याच तासाला पडेल, शिवाय तिकडे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे जातं.

तुमच्या धंद्यात तर हे गंभीर आहे. ३१ मार्चच्या रात्री वर्षअखेरीची कामं चालतात. १ एप्रिलला रात्री १ वाजता झालेली नोंद यूटीसीत ३१ मार्चची दिसते, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात गेली. व्याज चुकतं, ताळेबंद चुकतो, आणि ज्यांची ठेव आहे त्या माणसाला उत्तर द्यावं लागतं.

लॅपटॉप, कंपोज, सीआय, सर्व्हर, सगळीकडे जेव्हीएमला टाइमझोन स्पष्ट द्या. क्षण साठवायचा तो यूटीसीत, व्यवसायाची तारीख काढायची ती कायम आशिया-कोलकाता सांगून. कोडमध्ये घड्याळ बाहेरून द्या म्हणजे टेस्टमध्ये ३१ मार्चची रात्र मुद्दाम उभी करता येते. अल्पाइनच्या मूळ इमेजमध्ये टाइमझोनची माहितीच नसते, ती वेगळी बसवावी लागते, हेही ध्यानात ठेवा.

निक्सप्रेमी

एक वेगळी वाट सुचवतो. डॉकरफाइल लिहिली म्हणजे तेच पुन्हा तयार होईल असं नाही. आत "ॲप्ट-गेट" हा पॅकेज बसवणारा हुकूम आहे, तो आज एक आवृत्ती आणेल, तीन महिन्यांनी दुसरी. "लेटेस्ट" टॅग तर रोज सरकतो. निक्स हे पॅकेज बसवणारं साधन यातून सोडवतं. एल्को डोल्स्त्रा यांनी २००३ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात हे काम सुरू केलं. प्रत्येक पॅकेज त्याच्या सगळ्या निविष्टींच्या हॅशने (त्यांवरून काढलेल्या ठशाने) ओळखलं जातं, त्यामुळे दोन आवृत्त्या एका मशीनवर शेजारी राहतात आणि भांडत नाहीत. मॅकवर व्हर्च्युअल मशीनशिवाय चालतं, ८ जीबीवाल्यांना हे उपयोगी.

शिकायला कठीण आहे हे मान्य. टीममध्ये किमान दोघांना ते नीट यावं, नाहीतर घेऊ नये.

कातळशिल्प

निक्सप्रेमी, विचार पटतो, पण घाटमाथा यांच्या टीमला आत्ता ते झेपणार नाही असं मला वाटतं. फ्रेशर आधीच बिचकतायत. डॉकरमध्ये राहूनही निम्मं साधता येतं: इमेज टॅगऐवजी डायजेस्टने (तिच्या नेमक्या हॅशने) बांधायची, बेस इमेज एकाच ठिकाणी तयार करून सगळ्यांनी तीच ओढायची, प्रत्येकाने आपापली बिल्ड करायची नाही. आणि बांधलेल्या आवृत्त्या कुजू नयेत म्हणून रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट हा नव्या आवृत्त्या सुचवणारा बॉट लावायचा, म्हणजे बदल पीआरमधून, सगळ्यांच्या देखत होतो.

चौथामजला

मोठ्या कंपनीत काम करणाऱ्यांसाठी थोडं. ऑफिसचा प्रॉक्सी (इंटरनेटच्या वाटेवरचा मधला सर्व्हर) एचटीटीपीएस मधेच उघडतो, त्यासाठी कंपनीचं रूट सर्टिफिकेट लॅपटॉपवर बसवलेलं असतं. ब्राउझर चालतो. कंटेनर, जावा आणि नोड मात्र आपापली सर्टिफिकेटची यादी बाळगतात, त्यांना ते माहीत नसतं. त्यामुळे घरी चालणारं ऑफिसात चालत नाही. सेटअप स्क्रिप्टमध्ये हे सर्टिफिकेट तिघांनाही देण्याची पायरी हवी. सर्टिफिकेट तपासणी बंद करून पुढे जाऊ नका, कृपया.

डॉकर हब या इमेजच्या सार्वजनिक साठ्याने २०२० च्या नोव्हेंबरात मर्यादा लावली, तेव्हा लॉगिन नसलेल्यांना एका आयपीवरून ६ तासांत १०० पुल (इमेज ओढणं). आख्खं ऑफिस एकाच आयपीवरून बाहेर पडतं, त्यामुळे सकाळी सगळ्यांनी एकदम ओढलं की संपलं. मधे स्वतःची कॅशे रजिस्ट्री ठेवा, नेक्सस किंवा हार्बर. कोल्हापूर-नाशिकवाल्यांना मोबाइल हॉटस्पॉटवर जीबीच्या इमेज ओढाव्या लागू नयेत म्हणून इमेज लहान ठेवणंही त्यांच्यावरची माया आहे.

आणि डॉकर डेस्कटॉप २५० पेक्षा जास्त कर्मचारी किंवा १ कोटी डॉलरहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना फुकट नाही. छोट्या टीमला चालेल. मोठ्यांनी परवाना घ्यावा, किंवा पॉडमन, कोलिमा, रँचर डेस्कटॉप बघावं.

घाटमाथा

सगळ्यांचे मनापासून आभार. टीमबरोबर बसून धागा वाचला. ठरलं ते असं: जावा-नोड मशीनवर थेट, मीझ आणि ग्रेडल रॅपरने बांधून. पोस्टग्रेस कंपोजमध्ये, डेबियनच्या इमेजवर, डायजेस्टसह, आयसीयू मराठी कोलेशन. सीआयवरही तीच कंपोज फाइल. टाइमझोन सगळीकडे स्पष्ट. डेव्ह कंटेनर ऐच्छिक. निक्स आत्ता नाही.

विकीचं पान काढून टाकतोय. त्याऐवजी रेपोत एक तपासणी स्क्रिप्ट: जेडीके, नोड, ओळींचे शेवट, एन्कोडिंग, टाइमझोन, सर्टिफिकेट, सगळं बघते, आणि काही चुकलं असेल तर काय करायचं ते मराठीत सांगते. पुढची रुजू होणारी व्यक्ती ती स्क्रिप्ट चालवेल, आणि जिथे अडेल ती त्या स्क्रिप्टची चूक समजून तिचा पहिला पीआर तिथेच असेल.

एकच प्रश्न उरतो. लोकल डेटाबेसमध्ये डेटा कुठून आणावा? एकाकडे रिकामा, एकाकडे खूप जुना डंप (डेटाबेसची काढलेली प्रत), म्हणून स्क्रीन वेगळ्या दिसतात. ग्राहकाचा डंप घेऊन वाटावा असं काही जण म्हणतात.

डेटाबेसवाली

ग्राहकाचा डंप लॅपटॉपवर नको. सभासदांची नावं, पत्ते, खात्यातली शिल्लक, हे दुसऱ्यांचं आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

कृत्रिम डेटा तयार करणारा एक कार्यक्रम रेपोत ठेवा, ठरावीक बीजाने (सुरुवातीच्या आकड्याने) चालणारा, म्हणजे प्रत्येकाकडे तेच सभासद आणि त्याच पावत्या तयार होतील. स्कीमा (टेबलांची रचना) फ्लायवे या साधनाने, डेटा त्यानंतर. त्यात अडचणीची माणसं मुद्दाम घाला: काळे, कावळे, क्षीरसागर, ज्ञानेश्वर नावाचे दोन सभासद, ऱ तिन्ही प्रकारे लिहिलेलं एखादं नाव, २९ फेब्रुवारीला उघडलेलं खातं, ३१ मार्चच्या रात्रीची ठेव, मुदतीआधी मोडलेली ठेव, शून्य शिल्लक. पासवर्ड आणि किल्ल्या रेपोत नकोत. नमुना फाइल ठेवा, खऱ्या किमती व्हॉल्टमधून (गुपितं ठेवायच्या तिजोरीतून). लोकल पोस्टग्रेसचा पासवर्ड मात्र खुशाल कंपोज फाइलमध्ये लिहा, तो डेटा कृत्रिमच आहे.

बीजाचा कार्यक्रम सीआयवरही चालवा, नाहीतर स्कीमा बदलला की तो पहिला मोडतो आणि कुणाला कळत नाही.